मुळशीच्या हवेतला पियानो : स्वरजुळणी किती वेळा आणि केव्हा

पियानो वर्षातून किती वेळा सुरात लावून घ्यावा, या प्रश्नाचे छापील उत्तर बहुतेक वाद्यनिर्मात्यांच्या माहितीपुस्तिकांत एकाच वाक्यात सापडते : घरगुती वाद्य वर्षातून किमान दोनदा, नवे वाद्य पहिल्या वर्षात चार वेळा, आणि मैफलीच्या सभागृहातले वाद्य प्रत्येक कार्यक्रमापूर्वी. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते ज्या हवामानात आकाराला आले, ते सह्याद्रीचे हवामान नव्हे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात घरे तापवली जातात, त्यामुळे खोलीतली हवा त्या काळात कोरडी पडते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा ओलसर होते. ‘वर्षातून दोनदा’ हा हिशेब तिथल्या या दोन ऋतूंना धरून बसवलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हे चक्र नेमके उलटे फिरते. येथे उन्हाळा कोरडा आणि पावसाळा ओलाचिंब असतो, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास हवेला जूनमधले दोन-तीन आठवडे पुरतात. त्यामुळे मुळशीत ‘किती वेळा’ या प्रश्नापेक्षा ‘केव्हा’ आणि ‘कोणत्या खोलीत’ हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात, आणि पहिल्याचे उत्तर या दोहोंवर अवलंबून राहते.

मुळशी आणि पियानो ही जोडी वरवर विजोड वाटली, तरी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालुक्याचे रूप इतके पालटले आहे की या वाद्याला येथे जागा मिळणे स्वाभाविक आहे. पुण्याला लागून असलेल्या हिंजवडी, बावधन, भूगाव या भागांत उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. लवळ्याच्या टेकड्यांवर सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे आली. पौडजवळच्या डोंगरावर १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले, जिथे अनेक देशांतले विद्यार्थी एकत्र शिकतात. आणि मुळशी धरणाच्या काठाने, तसेच लवासाच्या खोऱ्यात, शहरवासीयांची सुटीतली घरे बांधली गेली. अशा वस्तीत पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांना बसणारी मुले, संगीत शिकवणाऱ्या संस्था आणि दिवाणखान्यात पियानो हवा असे वाटणारी कुटुंबे या तिन्हींची भर पडत जाते. वाद्य घरात येते. त्याच्या देखभालीचे ज्ञान मात्र त्याच्यासोबत येतेच असे नाही.

वाद्याच्या पोटात काय घडते

फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इसवी सन १७००च्या सुमारास ज्या वाद्याची घडण केली, त्याच्या आजच्या रूपात ८८ पट्ट्या, म्हणजे सात सप्तकांहून थोडा अधिक विस्तार असतो. तारा मात्र ८८ नसून सुमारे २३० असतात, कारण खर्जातल्या अगदी खालच्या स्वरांना एक, त्यावरच्यांना दोन आणि मध्य व तार सप्तकांतल्या प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा दिलेल्या असतात. या साऱ्या तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो आणि तो पेलण्यासाठी आत ओतीव लोखंडाची चौकट बसवलेली असते. प्रत्येक तारेचे एक टोक पोलादी खुंटीभोवती गुंडाळलेले असते, आणि ही खुंटी कठीण लाकडाचे थर चिकटवून केलेल्या ठोकळ्यात केवळ घर्षणाच्या बळावर घट्ट उभी असते. स्वरजुळणी म्हणजे प्रत्यक्षात ही खुंटी किंचित फिरवून तारेचा ताण बदलणे होय.

सूर उतरण्या-चढण्याचे मूळ कारण मात्र खुंटीत क्वचितच असते. ते असते साउंडबोर्डात, म्हणजे तारांच्या कंपनांना मोठा आवाज देणाऱ्या लाकडी नादफलकात. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचा हा फलक जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाड असतो, त्याला मुद्दाम हलका फुगवटा दिलेला असतो आणि त्यावर चिकटवलेल्या घोडीवरून, तंबोऱ्याच्या घोडीप्रमाणेच, तारा दाब देत पुढे जातात. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या वाफेचे प्रमाण, ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो १५-१६ टक्क्यांपर्यंत चढतो. ओलावा वाढला की लाकूड धाग्यांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या दिशेने फुगते. मुळशीतल्या जुन्या घराचे दार श्रावणात चौकटीत अडकते आणि चैत्रात पुन्हा सैल होते, तेच या फलकाचे होते. फरक इतकाच की फलकाच्या कडा पक्क्या बसवलेल्या असल्याने त्याला बाजूला सरकायला वाव नसतो, म्हणून त्याचा फुगवटा वर उचलला जातो, घोडी तारांना वर रेटते, तारांचा ताण वाढतो आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की हीच साखळी उलट चालते आणि सूर उतरतो.

सगळे वाद्य एकाच मापाने चढले-उतरले असते, तर एकट्याने वाजवणाऱ्याला ते फारसे जाणवले नसते. परंतु फलकाची हालचाल मध्यभागी अधिक आणि कडांना कमी असल्याने मध्य सप्तकातले स्वर सर्वाधिक सरकतात, तर अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर तुलनेने जागेवर राहतात. परिणामी वाद्य स्वतःशीच बेसूर होते. हा फरक सेंट या एककात मोजतात, ज्यात एका सप्तकाचे १२०० आणि लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग कल्पिलेले असतात. ऋतुबदलात मध्य सप्तक १० ते २० सेंट सहज सरकते, आणि प्रशिक्षित कानाला याहून कितीतरी कमी फरकही खटकतो. वादनाचाही परिणाम होतो, विशेषतः रोज तासन्‌तास जोरकस वादन होत असेल तर. पण तो हवेच्या परिणामापुढे दुय्यम आहे. त्यामुळे ‘पियानो कुणी वाजवलाच नाही, मग सूर कशाला जाईल’ हा सर्वत्र आढळणारा समज निराधार ठरतो. झाकून ठेवलेल्या पियानोचा फलकही हवेतला ओलावा तितकाच घेतो.

कोकण आणि देश यांच्या सीमेवर

मुळशीचे वेगळेपण तिच्या भूगोलात आहे. तालुक्याची पश्चिम कड सह्याद्रीच्या मुख्य धारेला भिडलेली आहे आणि पूर्व कड पुणे शहराला. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणी घाटात त्याच्या कितीतरी पट. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एकाच दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. जुलै आणि ऑगस्टमध्ये धरणाच्या परिसरात ढग घरांत शिरतात, कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ९० टक्क्यांच्या आसपास राहते. त्याच भागात मार्च-एप्रिलच्या दुपारी दख्खनच्या पठारावरची कोरडी हवा पसरते आणि आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत घसरते. पाऊस कोकणासारखा आणि उन्हाळा देशावरचा, असा हा दुहेरी कारभार आहे.

मुंबईशी तुलना केली की या दुहेरीपणाचा अर्थ उलगडतो. पश्चिम भारतातला पियानोचा व्यवहार मुंबईतच वाढला. १८६५ मध्ये स्थापन झालेली फुर्टाडोज ही वाद्यविक्रीची पेढी, गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक, पारशी कुटुंबांतली पाश्चात्त्य संगीताची आवड, आणि अलीकडे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये २००६ साली उभा राहिलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, ही त्या परंपरेची ठळक ठिकाणे आहेत. समुद्रकाठी असल्याने मुंबईची हवा बाराही महिने दमट असते. तेथे तारा आणि खुंट्या गंजण्याचा धोका मोठा असला, तरी ओलाव्याचे वार्षिक चढउतार पठाराच्या मानाने कमी असल्याने सूर सरकण्याचा आवाका त्या प्रमाणात मर्यादित राहतो. मुळशीत ओलावाही आहे आणि चढउतारही. म्हणून मुंबईतल्या अनुभवावर बेतलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. जवळचे उदाहरण शोधायचे तर ते पाचगणीचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या पूर्वेला वसलेल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निवासी शाळा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर पियानोही आले. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात शिकलेला फारुख बुल्सारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला, आणि त्याचे पियानोवादन याच शाळेत आकाराला आले. घाटमाथ्यावर पियानो टिकू शकतो, हे पाचगणीने दाखवून दिले आहे. तो टिकवण्यासाठी नियमित काळजी लागते, एवढीच अट आहे.

दोन सवयींच्या मधले वाद्य

मराठी घराला वाद्य सुरात लावण्याच्या दोन सवयी परंपरेने ठाऊक आहेत. पहिली तंबोऱ्याची : चार तारा, त्या जुळवणारा स्वतः गायक किंवा त्याचा शिष्य, आणि जुळणी प्रत्येक बैठकीपूर्वी, प्रसंगी दोन रागांच्या मध्येही. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेचा कारागीर वाद्य घडवतो आणि त्याची जवारी काढून देतो. रोजची जुळणी मात्र वाजवणाऱ्याच्या हाती असते. दुसरी सवय पेटीची : हार्मोनियमचे स्वर पितळी पात्यांच्या कंपनांतून निघतात, धातूवर ओलाव्याचा तसा परिणाम होत नाही, त्यामुळे पावसाळ्यात पेटीची पट्टी अडकते किंवा भाता हवा सोडू लागतो, पण तिचा सूर वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतो. मुळशीतल्या गावोगावच्या भजनी मंडळांत हीच पेटी चालत आली आहे.

पियानो या दोन्ही सवयींत बसत नाही. त्याचा सूर तंबोऱ्यासारखा हवेबरोबर हलतो, पण तो वाजवणाऱ्याला स्वतः जुळवता येत नाही. दिसायला तो पेटीसारखा पट्ट्यांचा आहे, पण पेटीसारखा वर्षानुवर्षे तसाच सोडून देता येत नाही. पियानोला पेटीचाच मोठा भाऊ समजले की दुर्लक्ष होते, आणि ते लक्षात येईपर्यंत सूर इतका उतरलेला असतो की साधी जुळणी पुरेशी ठरत नाही.

जुळणीच्या वेळी काय केले जाते

पियानो जुळवणारा तंत्रज्ञ, ज्याला सर्वत्र ट्यूनर म्हणतात, नादकाट्यावरून किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रावरून एक आधारस्वर घेतो. हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा असतो. १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो ठरला आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो स्वीकारला. तीन तारांच्या स्वरात दोन तारा लोकरीच्या नमद्याच्या पट्टीने किंवा रबरी पाचरीने बंद करून एकच तार आधी लावली जाते, मधल्या एका सप्तकात सर्व बारा स्वर परस्परांशी बसवले जातात, मग ते सप्तक वर-खाली पसरवले जाते आणि शेवटी प्रत्येक स्वराच्या उरलेल्या तारा पहिलीशी एकजीव केल्या जातात.

बारा स्वर बसवण्याची पद्धत मराठी संगीतरसिकाने समजून घेण्याजोगी आहे, कारण ती शुद्ध संवादाची पद्धत नव्हे. षड्ज-पंचमाचे शुद्ध अंतर सुमारे ७०२ सेंटचे असते. पियानोवर ते ७०० ठेवतात. शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. पियानोचा गंधार ४०० वर, म्हणजे स्पष्टपणे चढा असतो. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे कोणत्याही पट्टीपासून वादन सुरू करता येते, आणि त्याची किंमत म्हणून प्रत्येक संवाद थोडा-थोडा बिघडवून घ्यावा लागतो. ट्यूनर हा बिघाड विस्पंदांवरून मोजतो. दोन जवळच्या कंपनसंख्या एकत्र ऐकू आल्या की आवाज ठरावीक गतीने लहान-मोठा होतो, त्या हेलकाव्यांना विस्पंद म्हणतात. ४४० कंपनांच्या स्वरावर त्याचा पंचम बरोबर लावला असेल, तर सेकंदाला साधारण दीड विस्पंद ऐकू यायला हवा. अजिबात न येणे हीच येथे चूक ठरते. समान बारा भागांच्या या सप्तकाला भारतीय संगीतज्ञांनी घेतलेला आक्षेप जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यांच्या आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या प्रयत्नांतून श्रुतींची पेटी घडवली गेली, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके याच बारा भागांच्या हार्मोनियमला केंद्रांबाहेर ठेवले. पियानोच्या बाबतीत हा वाद मिटवण्याची गरज नाही; परंतु ज्या वाद्याचा प्रत्येक संवाद मुळातच बारीक तडजोडीवर उभा आहे, त्यात हवेने आणखी १५ सेंटची भर घातली की तडजोडीचे रूपांतर कर्कशपणात होते, एवढे ध्यानात घेणे पुरेसे आहे.

अनेक वर्षे न जुळवलेले वाद्य पाव किंवा अर्ध्या स्वराने उतरलेले असते. अशा वेळी एकदाच जुळणी करून भागत नाही, कारण एका भागातला ताण वाढवला की फलक दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून प्रथम ढोबळमानाने सारा सूर वर उचलून, नंतर पुन्हा बारीक जुळणी करावी लागते, आणि काही आठवड्यांनी तिसऱ्यांदा हात फिरवावा लागतो. गंजलेली तार या प्रक्रियेत तुटूही शकते. दोन-तीन वर्षांची जुळणी चुकवून वाचवलेला पैसा अशा एका दुरुस्तीत सहज खर्ची पडतो. जुळणी आणि दुरुस्ती या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडकणारी पट्टी मोकळी करणे, तारांवर आघात करणाऱ्या हातोड्यांची चाल एकसारखी करणे आणि त्यांच्यावरचा कडक झालेला नमदा टोचून आवाज मऊ करणे ही कामे जुळणीत धरलेली नसतात, ती वेगळी सांगून करून घ्यावी लागतात.

मुळशीचे वेळापत्रक

लाकूड हवेच्या मागोमाग पण सावकाश चालते. खोलीतली आर्द्रता बदलल्यानंतर फलकाला नवी स्थिती गाठण्यास काही आठवडे लागतात. म्हणून जुळणीचा पहिला नियम असा की ऋतू बदलत असताना ती करू नये. जूनच्या मध्याला, पहिल्या सरींबरोबर, जुळवलेला पियानो जुलै संपण्यापूर्वी पुन्हा चढलेला असतो. पाहुण्यांसाठी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ट्यूनरला बोलावण्याची पद्धतही याच कारणाने तोट्याची आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा झपाट्याने कोरडी होत असते आणि फलक अजून ओलावा सोडत असतो.

यावरून मुळशीसाठी दोन मुदती निघतात. पहिली जुलैअखेर ते ऑगस्ट, जेव्हा पाऊस सुरू होऊन पाच-सहा आठवडे झालेले असतात आणि फलक ओल्या स्थितीत स्थिरावलेला असतो. दुसरी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, जेव्हा कोरड्या ऋतूची घडी बसलेली असते. वर्षातून एकच जुळणी परवडणार असेल तर ती डिसेंबरात करावी, कारण तिथून पुढे मेअखेरपर्यंत हवा कोरडी होत गेली तरी तो बदल संथ असतो आणि चांगल्या सुराचा काळ अधिक लांबतो. शिवाय ती दरवर्षी त्याच महिन्यात करावी. एका वर्षी ऑगस्टात आणि पुढच्या वर्षी एप्रिलात जुळणी झाली, तर ट्यूनर प्रत्येक वेळी ऋतूने केलेला बदल खोडत बसतो आणि तारांना विनाकारण ओढ बसते. रोज अनेक विद्यार्थ्यांचा हात पडणाऱ्या संस्थेत वर्षाला तीन-चार जुळण्या धराव्यात आणि त्यांतली एक परीक्षांच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवावी. नव्या वाद्याच्या तारा पहिल्या वर्षी ताणल्या जात राहतात आणि त्याचे लाकूड परक्या हवेतून आलेले असते, म्हणून त्याला पहिल्या वर्षी चार जुळण्या लागतातच. टेंपोतून नुकताच घाट चढून आलेला पियानो, नवा असो वा जुना, खोलीत दोन-तीन आठवडे स्वस्थ ठेवून मगच जुळवावा.

आधी खोली, मग सूर

वेळापत्रक कितीही नेमके असले तरी खोलीतली आर्द्रता वर्षभरात २५ वरून ९० टक्क्यांपर्यंत धावत असेल, तर कोणतीही जुळणी फार काळ टिकणार नाही. पियानोला ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता सर्वांत मानवते. मुळशीत ती ४५ ते ६० टक्क्यांत राखता आली तरी पुष्कळ झाले, कारण नेमक्या आकड्यापेक्षा स्थिरता अधिक मोलाची असते. यासाठीचे पहिले साधन म्हणजे साधा आर्द्रतामापक, जो एका जुळणीच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. त्याच्या नोंदी महिनाभर पाहिल्यावरच पुढचा खर्च ठरवावा.

पावसाळ्यासाठी खोलीतला ओलावा खेचून घेणारे डिह्युमिडिफायर हे यंत्र सर्वांत परिणामकारक आहे. वाद्याच्या आत बसवण्याची, कमी वॅटची तापकांडी आणि तिला गरजेनुसार चालू-बंद करणारे नियंत्रक अशी जोडणीही मिळते. पूर्वी यासाठी पियानोच्या तळाशी विजेचा दिवा लावून ठेवत. पण नियंत्रकाशिवाय सतत पेटलेला दिवा कोरड्या ऋतूत लाकडाला तडे पाडतो आणि आगीचा धोकाही बाळगतो. वातानुकूलन यंत्राबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण दिवसा चार तास ते चालवून रात्री बंद केले की खोलीची आर्द्रता रोजच वर-खाली होते. चालवायचे तर सलग, नाहीतर त्याचा झोत तरी वाद्यावर येऊ देऊ नये. ओल येणारी पश्चिमेची भिंत, उघडी खिडकी आणि सकाळचे थेट ऊन यांपासून वाद्य दूर असावे. त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. सुती कापड पुरते. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या वाद्याला अपुऱ्या पडतात.

उरतो प्रश्न पावसाळाभर कुलूपबंद राहणाऱ्या घरांचा, आणि मुळशीत अशी घरे पुष्कळ आहेत. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की नमद्यावर बुरशी धरते आणि तारा व खुंट्या गंजतात. त्याच्या जोडीला कसर लोकर खाते, उंदीर आत घर करतात आणि वाळवी फळ्यांत शिरते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश निर्माते उष्ण प्रदेशांसाठी खास पियानो बनवत, ज्यांत प्राणिजन्य सरस सुटेल या भयाने सांधे पितळी स्क्रूंनी आवळलेले असत. पण तेही वाद्य राहत्या, हवा खेळत्या घरासाठी होते. वीज वारंवार जाणाऱ्या आणि महिनोन्‌महिने न उघडणाऱ्या बंगल्यात यंत्रांचाही भरवसा धरता येत नाही. तेथे डिजिटल पियानो ठेवणे हाच शहाणपणा आहे. त्यालाही ओलाव्यापासून जपावे लागते, पण त्याचा सूर ऋतूबरोबर हलत नाही.

तेव्हा मुळशीपुरता निष्कर्ष असा : राहत्या घरातला पियानो वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरात जुळवावा, ते शक्य नसेल तर एकदा, पण दरवर्षी डिसेंबरातच, शिकवण्याच्या ठिकाणी तीन-चार वेळा, आणि पावसाळ्यात बंद राहणाऱ्या घरात लाकडी पियानो ठेवूच नये. ट्यूनरला दूरध्वनी करण्यापूर्वी आर्द्रतामापक विकत घ्यावा, जुळणीची तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता एका वहीत लिहून ठेवावी, आणि पुढल्या वर्षी ट्यूनर आला की ती वही त्याच्यापुढे ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी त्या घरातल्या पियानोला किती जुळण्या लागतात हे कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक खात्रीने सांगतील.